रांगेबाहेरचा शिरीष

उस्तादांच्या घरात कपसुद्धा दक्षमध्ये उभे असत. थट्टा नाही, खरंच सांगतो. फडताळ उघडलं की सगळ्या कपांचे कान उजवीकडे, एका रेषेत. दारात चपला टाचेला टाच लावून. एखादा पाहुणा बूट वाकडेतिकडे काढून आत आला, तर उस्ताद तोंडाने काही बोलत नसत. पाहुण्याचा चहा पिऊन होईपर्यंत एकदा सहज उठल्यासारखं करून दाराशी जात आणि पायाने ते सरळ करून येत. त्यांची बायको म्हणायची, "अहो, मला पण एक खडूची रेघ मारून द्या स्वयंपाकघरात, तिच्यावरूनच चालत जाईन." उस्ताद म्हणायचे, "रेघ आहेच. तुला दिसत नाही." ती बापडी कपाळाला हात लावायची आणि कामाला लागायची.

लष्करात नव्याने भरती झालेल्या पोरांना कवायत शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पाठीला पोक, मान खाली, हातांचं काय करायचं ते कळत नाही, अशी पोरं यायची आणि उस्ताद त्यांना छडीसारखी सरळ करून पुढे पाठवायचे. 'उस्ताद' हे नाव त्या पोरांनीच दिलेलं. खरं नाव काय ते पोस्टमनलासुद्धा पाकीट बघूनच आठवायचं.

निवृत्त झाले, पण जित्याची खोड ती. बँकेत रांग वाकडी दिसली की यांना राहवत नसे. "जरा डावीकडे. तुम्ही नाही, पिशवीवाले. हां, तिथेच." आणि लोक ऐकायचे, हे महत्त्वाचं. कॅशियर सांगायचा की उस्ताद पेन्शन घ्यायला येतात त्या दिवशी बँकेत भांडण म्हणून होत नाही.

आता असल्या माणसाच्या हाती तुम्ही एक अख्खं वन सोपवलंत तर काय होईल? तेच झालं.

पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेची एक मोठी जागा पडून होती. फुटके पाइप, जुने टायर, कुणाची तरी दार नसलेली मोटार. गावातले जे लोक लष्करात गेले, त्यांच्यासाठी तिथे काहीतरी उभं करावं असं ठरलं आणि शाळेच्या एका वर्गात सभा भरली. लहान पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. एका कंत्राटदाराने स्तंभाचं चित्र आणलं होतं. संगमरवरी स्तंभ, वर गरुड, खाली कारंजं. गरुडाचं तोंड कुठे असावं यावर चांगला तासभर खल झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून टेलरबाई उठल्या.

टेलरबाईंचं दुकान चौकात. जुनं शिलाई मशीन, भिंतीवर टांगलेले अर्धे शिवलेले कोट, कानामागे खडू. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळून मोठा झाला, लष्करात गेला आणि एका महापुरात लोकांना वाचवताना वाहून गेला. तो सापडलाच नाही. घरी आली ती फक्त त्याची पेटी. अशी बाई बोलायला उठली की सभा आपोआप गप्प होते.

"दगडाला मी काय करू?" त्या म्हणाल्या. "वर्षातून एकदा पुसू? झाड लावा. निदान पाणी तरी घालता येईल."

गरुड तिथेच उडाला. झाडं लावायची, ज्याच्या त्याच्या घरच्यांनी आपलं झाड निवडायचं, आणि फक्त लढाईत पडलेल्यांसाठीच नव्हे. नोकरी पुरी करून परतलेले आणि म्हातारे होऊन गेलेले स्वयंपाकी, ड्रायव्हर, नर्सबाई, सगळ्यांसाठी. हे सगळं करणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले. उस्ताद उठले. "मी करतो," म्हणाले. लोकांना हायसं वाटलं. आयताच गडी मिळाला होता.

उस्ताद हो म्हणाले त्याला आणखी एक कारण होतं, ते सभेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याच महापुरात, त्याच बोटीवरून, उस्तादांचाही मुलगा गेला होता.

दोन्ही पोरं एका गल्लीतली, एका वर्गातली. लोक त्यांना सुई-दोरा म्हणायचे. टेलरबाईंचा मुलगा सुई, कारण तो पुढे. उस्तादांचा दोरा, कारण सुई गेली की तो मागे आलाच. उंचीतही बोटभर फरक नव्हता. भरतीसुद्धा एकाच दिवशी झाले.

तर ते वन. उस्तादांनी टायर उपसले, पाइप एका कडेला रचले, जमीन सपाट केली आणि मग दोऱ्या ताणल्या. तीन रांगा. माणसागणिक अंतर एक हात, कवायतीत असतं तसं. नगरपालिकेचा माळी म्हणाला, "उस्ताद, झाडं आहेत ही." उस्तादांनी विचार केला आणि दोन हात अंतर मंजूर केलं. वर "खास सवलत देतोय" असंही ऐकवलं. माळ्यानेही फार ताणलं नाही. सरकारी माणूस, पुढचं पुढे बघू, अशा जातीचा.

पण खरी गंमत पुढेच आहे. उंच माणूस उजव्या टोकाला, मग उतरत्या क्रमाने डावीकडे, हा कवायतीचा नियम. उस्तादांनी तो पाळला. झाडांच्या उंचीने नाही हो, माणसांच्या. सहा फुटी स्वयंपाक्याच्या घरच्यांनी डाळिंब निवडलं होतं, ते मानाने उजव्या टोकाला. नर्सबाई ठेंगण्या, पण त्यांच्या बहिणीने निवडली सावर, ती डावीकडे शेवटी, पुढे आभाळाला टेकणारी. माळ्याने डोकं खाजवलं. उस्ताद म्हणाले, "रांग माणसांची आहे." माळ्याने कुदळ उचलली.

आणि मधल्या रांगेत, बरोब्बर मध्यावर, सारख्या उंचीची ती दोन पोरं शेजारी शेजारी. टेलरबाईंनी कांचन निवडला, गुलाबी फुलांचा. "त्याला गुलाबी शर्ट हवा होता," म्हणाल्या, "मी म्हटलं, पुरुषमाणसाला शोभतो का? शिवलाच नाही. आता घाल म्हणावं." उस्तादांच्या बायकोने शिरीष निवडला. झपाट्याने वाढतो, आपल्या हयातीत सावलीला बसता येईल, एवढाच तिचा हिशेब.

वन वाढलं. दूरदूरचे लोक बघायला यायला लागले, कारण असं सरळ वन कुणी पाहिलंच नव्हतं. दरवर्षी वसंताच्या सुरुवातीला एक दिवस सगळे जमायचे. उस्ताद इस्त्रीच्या कपड्यांत रांगांसमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहायचे आणि हजेरी घ्यायचे. एकेक नाव पुकारायचं, आणि त्या त्या झाडाशी उभ्या असलेल्या घरच्या माणसाने सांगायचं, "हजर." भाषण नाही, काही नाही. नाव आणि हजर. डाळिंबाजवळ स्वयंपाक्याचा जावई सांगायचा, सावरीखाली नर्सबाईंची बहीण. हजेरी संपली की चहा. माणसं हसत घरी जायची, कारण वर्षातून एकदा का होईना, त्यांच्या माणसाचं नाव कुणीतरी मोठ्याने घेतलेलं असायचं, आणि त्याला उत्तर आलेलं असायचं.

असं चाललं होतं, आणि एका वर्षी हजेरीत घोटाळा झाला.

उस्तादांनी मधली रांग पुकारायला घेतली. टेलरबाईंच्या मुलाचं नाव घेतलं. उत्तर नाही. उस्तादांना वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा पुकारलं. टेलरबाई कांचनाच्या खोडावर हात ठेवून उभ्या होत्या. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजारी आहे, उस्ताद."

लष्करातल्या हजेरीत हे उत्तर चालतं. हजर, रजेवर किंवा आजारी. उस्तादांनी ते आयुष्यभर ऐकलेलं. पण या वनात ते पहिल्यांदाच आलं होतं. कसंबसं पुढचं नाव घेतलं. ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं. बायको शिरीषाखाली उभी होती. तिने आधी शेजारच्या कांचनाकडे पाहिलं, मग म्हणाली, "हजर."

लोक पांगल्यावर उस्ताद त्या झाडाशी गेले. पाच वर्षांचा कांचन, पण खोड मनगटाएवढंही नाही. उजेड शोधत तो एका अंगाला वाकला होता, फांद्या वाळत चाललेल्या. आसपासची झाडं पालवली होती, त्याच्यावर चार पानं. फूल एकही नाही. वर बघितलं तर शिरीषाच्या फांद्यांचं छप्पर. खाली माती उकरली तर शिरीषाचीच मुळं.

माळ्याला बोलावलं. तो म्हणाला, "हे असंच राहिलं तर पुढचं वर्ष काही बघत नाही. शिरीष तोडा, नाहीतर याला सोडा."

"हलवता येईल?"

"कांचन हलवला तर आत्ताच जाईल, जीवच नाही त्याच्यात. शिरीष हलवता येईल. पण त्याचं मूळ खोल असतं, उस्ताद. लागला तर लागला. मी शब्द नाही देणार."

उस्ताद म्हणाले, "रांग मोडता येत नाही." आणि घरी आले.

आता इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा नुसता हट्टी होता. हट्टी होताच, पण नुसता नव्हे.

सुई-दोरा भरती झाले ते उस्तादांच्याच केंद्रावर. बाप शिकवणारा, मुलगा शिकणारा. उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मैदानावर मी तुझा कुणी नाही. कवायतीचा एक नियम आहे, तो त्यांनी हजारो पोरांच्या डोक्यात ठोकून बसवला होता: बाजूचा चक्कर येऊन पडला तरी हलायचं नाही. नजर समोर. पडलेल्याला उचलणारे वेगळे असतात. एकाने रांग सोडली की दुसरा सोडतो, आणि मग ती रांग राहत नाही, गर्दी होते. एका मोठ्या संचलनाच्या दिवशी, सगळे वरिष्ठ मंचावर बसलेले, ऊन डोक्यावर, टेलरबाईंचा मुलगा उभ्या उभ्या डुलायला लागला. तो जमिनीवर तोंडावर आपटणार तोच शेजारच्याने रांग सोडून त्याला कवेत धरलं. शेजारचा कोण, हे सांगायला नकोच.

उस्तादांनी मुलाला पाठीवर भरलेली पिशवी देऊन त्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पाय लटपटेपर्यंत. स्वतः मधोमध उभे राहून. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर कदाचित लवकर थांबवलंही असतं.

पुढे तो महापूर आला. नदीने पात्र सोडलं, लष्कराच्या बोटी गेल्या. एका छपरावरून माणसं उतरवून घेताना टेलरबाईंच्या मुलाचा पाय सुटला आणि तो प्रवाहात गेला. उस्तादांच्या मुलाने मागे उडी घेतली. दोन दिवसांनी तो सापडला. सुई कधीच सापडली नाही. घरी भेटायला आलेला अधिकारी भला माणूस होता. बोलता बोलता म्हणून गेला, "बोटीतच थांबला असता तर आज..." आणि पुढचं त्याने गिळलं.

उस्तादांनी ते गिळलं नाही. ते वाक्य त्यांच्या छातीत रुतून बसलं. रांग सोडली म्हणून गेला. मी शिकवलं होतं, तरी सोडली. मेलेल्या मुलावर त्यांचा राग होता, आणि त्या रागाची त्यांना इतकी लाज वाटायची की बायकोजवळसुद्धा त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हणून वनात त्यांनी त्याला असा मध्ये उभा केला होता, दोन्हीकडून दोन हातांवर शेजारी. आता कुठे जाशील?

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "त्या पोराचं झाड मरतंय."

"माहीत आहे."

"आपल्याच्या सावलीनं मरतंय."

उस्ताद भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, "हलवला तर आपला जाऊ शकतो. तू रोज जाऊन बसतेस त्याच्याखाली. तुला चालेल?"

रोज जाऊन बसायची हे खरंच होतं. भाजी निवडायची, शेंगा सोलायच्या, सगळं तिथे. झाडाशी बोलायची पण, कुणी जवळ नाही असं बघून. तिने ताटं उचलली, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. मग दाराशी उभी राहून म्हणाली, "मला काय विचारता? त्याला पाय असते तर तो केव्हाच बाजूला सरकला असता. तुमची वाट बघत बसला नसता."

रागाने नाही म्हणाली ती. पण उस्तादांना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दाढी करून, कपडे बदलून ते टेलरबाईंच्या दुकानात गेले. टेलरबाई एका कोटाची बाही उसवत होत्या. उस्तादांनी उभ्यानेच सांगितलं, शिरीष हलवतोय म्हणून. हुकूम सुनावल्यासारखं.

"अजिबात नाही," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्या झाडापायी तुमच्या पोराला हात लावायचा नाही. माझा गेला तर गेला. गेल्यातच जमा आहे."

"ठरलंय."

"तुमचं ठरलं असेल. बसा आधी. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही, मान दुखते."

उस्ताद स्टुलावर बसले. टेलरबाईंनी बाही बाजूला ठेवली.

"तुम्ही त्याला पळवला होता ना, माझ्याला धरला म्हणून?"

उस्ताद चपापले. ही गोष्ट हिला ठाऊक असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सुट्टीत आले होते दोघं, तेव्हा इथे बसूनच सांगत होते. माझा म्हणाला, आई, हा खुशाल पळतोय आणि हसतोय. उस्ताद मधे लालबुंद होऊन उभे, आणि हा त्यांच्या पाठीमागे गेला की माझ्याकडे बघून दात काढतोय. मी तुमच्याला विचारलं, का रे, हसायला काय झालं? तर म्हणतो कसा, काकू, बाबांनी शिक्षा दिली ती बरोबरच आहे. त्यांचं काम त्यांनी केलं, माझं मी केलं."

उस्तादांच्या हातात टोपी होती. ती ते फिरवत राहिले. आपल्या पाठीमागे पोरगा हसत होता, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, तो रडला असेल. इतकी वर्षं त्यांना तसंच वाटत होतं.

"तो माझ्याला दोनदा धरायला गेला, उस्ताद," टेलरबाई म्हणाल्या. "एकदा सापडला. दुसऱ्यांदा नाही सापडला, हा काय त्याचा गुन्हा आहे?"

उस्ताद म्हणाले, "नाही." एवढंच. पण तो शब्द बाहेर पडला आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. टेलरबाईंनी मशीन सुरू केलं, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आत काही ऐकू जाऊ नये.

जाताना उस्ताद दारात वळले. "तिसऱ्यांदा तरी त्याला धरू द्या," म्हणाले. टेलरबाईंनी मशीन थांबवलं नाही, पण मान हलवली.

मग काय, कामाला लागले. आणि उस्ताद एकदा कामाला लागले की बाकीच्यांची धडगत नसते. लगेच शिरीषाच्या फांद्या उतरवल्या. कांचनाला त्याच दिवसापासून ऊन मिळायला लागलं. मुळांभोवती अर्धा चर खणून तो मातीने भरला, म्हणजे आतल्या आत नवी मुळं फुटतील. उरलेला अर्धा थंडीत, झाड निजल्यावर. नगरपालिकेने झाड उचलायला यंत्र पाठवलं, आणि ते यंत्र वनाच्या तोंडाशी येऊन थांबलं. आत शिरणार कुठून? दोन हातांची गल्ली. यंत्रवाला म्हणाला, "हे वन कुणी लावलं हो?" उस्ताद म्हणाले, "मी." यंत्रवाल्याने यंत्र मागे वळवलं.

तेव्हा माणसं लावली. मुळांचा गोळा गोणपाटात घट्ट बांधला, तो टेलरबाईंनी स्वतः दाभणाने शिवला. "आयुष्यात एवढा जाडा माणूस शिवला नव्हता," म्हणाल्या. खाली फळ्या, फळ्यांखाली तेच जुने फुटके पाइप, लाटण्यासारखे. दोरखंडाला स्वयंपाक्याचा जावई, नर्सबाईंची धिप्पाड बहीण, माळी, दोन निवृत्त ड्रायव्हर, दोघं एकमेकांना गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवत. आणि उस्ताद. मोजणी त्यांचीच. एक-दो, ओढ. एक-दो, ओढ. शिरीष उभ्याने निघाला, सगळ्यांच्या मधून, हळूहळू, आणि ज्या ज्या झाडाजवळून गेला त्याच्या घरच्यांनी फांद्या हाताने बाजूला धरल्या.

नवा खड्डा खणला होता तो रांगांसमोरच्या मोकळ्या जागेत, जिथे उभे राहून उस्ताद हजेरी घ्यायचे तिथेच. माळ्याने सवयीने दोरी काढली आणि विचारलं, "कुठल्या रेषेत धरू?"

"ठेव ती खिशात," उस्ताद म्हणाले. "त्याला जसं बरं वाटेल तसं."

माळी दोन दिवस गावभर हे सांगत फिरत होता. लोकांचा विश्वास बसेना.

पुढचे आठवडे वाईट गेले, खोटं कशाला बोला. छाटलेला शिरीष म्हणजे नुसता खांब. बायको रोज बादल्या घालायची, भाजी निवडायला आता सावली नव्हती म्हणून छत्री घेऊन बसायची. उस्ताद रोज सकाळी जाऊन साल नखाने जरा खरवडून बघायचे, आत हिरवं आहे ना. आहे. अजून आहे. बायको म्हणायची, "सारखं ओरबाडू नका त्याला." एके दिवशी ती छत्री मिटून, भाजी तशीच टाकून धावत घरी आली. बुंध्यापासून वीतभर वर, नखाएवढा कोंब फुटला होता. उस्तादांनी फडताळातून दोन कप काढले, चहा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कप परत ठेवताना कान कुठे आहे ते बघितलं नाही. निदान बायको तरी असं सांगते.

हजेरीचा दिवस आला. त्या वर्षी पाहुणे म्हणून एक तरुण लष्करी अधिकारी आले होते. वन बघून खूश झाले. उस्ताद आता शिरीषाच्या शेजारी उभे होते, कारण जागा तीच होती. नावं पुकारली गेली. हजर, हजर, हजर. मधली रांग आली. उस्तादांनी टेलरबाईंच्या मुलाचं नाव घेतलं आणि थांबले.

कांचन अजून वाकडाच होता. तो आता तसाच राहणार. पण फांद्यांवर पानं होती, आणि ज्या बाजूची सावली गेली होती, त्या बाजूला पाच-सहा गुलाबी फुलं. टेलरबाई त्या दिवशी सगळ्यात आधी येऊन बसल्या होत्या.

"हजर," त्या म्हणाल्या. चौकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मग उस्तादांनी आपल्या मुलाचं नाव घेतलं. बायको शिरीषाशी, म्हणजे त्यांच्या अगदी बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "हजर," आणि उस्तादांनी पुढचं नाव घेतलं, आवाज जराही न हलता.

चहाच्या वेळी निम्मी घरं माळ्याला गाठून विचारत होती, पुढच्या थंडीत आमचंही जरा सरकवता येईल का. नर्सबाईंची बहीण म्हणत होती, माझी सावर शेजारच्या झाडाच्या घरच्यांना नको असेल तर मी आपण होऊन हलते. तेवढ्यात ते तरुण अधिकारी कप घेऊन उस्तादांजवळ आले. शिस्तीचा माणूस, नजर तिथेच गेली, जिथे जायची. त्यांनी रांगा पाहिल्या, मग समोर एकटाच उभा असलेला शिरीष पाहिला.

"उस्ताद, बाकी सगळं अगदी चोख आहे," ते म्हणाले. "पण हा एक रांग सोडून बाहेर कसा?"

उस्तादांनी शिरीषाच्या खोडावर हात ठेवला.

"त्याला परवानगी आहे, साहेब," ते म्हणाले. "मीच दिली. द्यायला जरा उशीर झाला."